गोबऱ्याचे आख्यान

“आप्पा, उठा हितून. बाप्या माणूस बाजारात मासळी इकतो काय कधी? हसतात लोक.”

कुलसुमबी असे म्हणाली खरी, पण म्हणता म्हणता आपली टोपली हातभर सरकवून तिने आप्पांना जागाही करून दिली. पुरुषांनी पकडायचे आणि बायकांनी विकायचे, हा रत्नागिरीच्या मासळी बाजारातला नेम कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तो मोडायला निघालेला आप्पा पिलणकर हा पहिलाच.

आप्पांनी मान खाली घालून टोपलीवरचे ओले फडके काढले. आत रेणव्या होत्या, चार पालू होते आणि सगळ्यांवर आडवा पसरलेला पाच शेरांचा एक गोबरा. अंगभर ठिपके, ओठ पुढे काढलेले, जावई रुसून बसावा तसा.

आप्पा कचेरीतले पट्टेवाले. बावीस वर्षे छातीवर पितळी बिल्ला लावला, पण जीव सगळा भाट्याच्या किनाऱ्यावरच्या खडपांवर. सुटी आली की पहाटे हातात गरी आणि तोंडात अभंग. मासा लागला तरी “पांडुरंग!” आणि सुटला तरी “पांडुरंग!” संध्याकाळी देवळात कीर्तन असले की बुवांच्या मागे झांजा घेऊन उभे. असेच एकदा बुवा निरूपणात म्हणाले, “ज्या कर्मात जीव रमतो, ते कर्म हरीच्या पायी घालावे.” बुवा बोलून गेले. कोणाच्या काळजात काय रुतते ते बुवांना कुठे दिसते? आप्पांनी सोमवारी राजीनामा लिहून दिला.

अव्वल कारकून श्यामराव नाडकर्णी भला माणूस. त्यांनी तो कागद टपालात न घालता खणात ठेवला. “बुधवार दुपारपर्यंत विचार कर,” म्हणाले.

घरी सगुणाबाईंनी मात्र विचाराला जागाच ठेवली नाही. “बुधवारी दुपारपर्यंत टोपली इकून दाखवा. नाय इकलीत, तर बिल्ला परत छातीवर. आणि मी काय बाजारात बसायची नाय, आधीच सांगतंय. पट्टेवाल्याची बायको हाय मी!”

तर आज तो बुधवार.

पहिले गिऱ्हाईक आले. “रेणव्या कशा दिल्या?”

“कशा दिल्या ते मागनं, बाय. कशा गावल्या ते आधी ऐका.” आणि आप्पांनी भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि आमिषाची कोळंबी यांवर असा काही पूर्वरंग लावला, की बाई ऐकता ऐकता शेजारच्या टोपलीतले बांगडे घेऊन मोकळी झाली.

दुसरीने पालू उचलला. आप्पांनी विचारले, “आंबटाला काय घालणार?”

“चिंच.”

“चिंच? पालूला?” आप्पांनी पालू तिच्या हातून हळूच काढून घेतला. “नाय मिळणार. याला आमसुलंच पायजेत.”

कुलसुमबीने कपाळाला हात लावला. “या अल्ला! आप्पा, पोरगी देतंव काय लग्नात?”

उन्हे पत्र्यावर चढली. आता वरच्या आळीतली राहीआजी आली आणि गोबऱ्यापुढे थबकली. गोबऱ्याकडे कोणी नुसते पाहिले तरी आप्पांच्या अंगात कीर्तन संचारे. ते उभे राहिले. उपरणे नीट केले.

“आजी, प्रलयाच्या पाण्यात मनूची नाव कोणी ओढली?”

“माशानं,” राहीआजी म्हणाली. मागे चार माणसे जमली, चाराची बारा झाली.

“आता तो मासा कसा असंल? वीतभर बोयटाच्यानं नाव ओढवंल? अवो, हा गोबरा तीन तास माझी गरी ओढत होता. हाताची सालं गेली, ही बघा. सोडीन म्हटलं, तर आत कोणी तरी म्हणतंय, आप्प्या, धर! शेवटी हा वर आला आणि माझ्याकडं असा बघितला, असा बघितला...” आप्पांनी दोन्ही हात वर केले. “अवतार झाला तो याच देहात, माउली! बोला पुंडलिक वरदे...”

“हाऽरी विठ्ठल!” बाजार दुमदुमला.

राहीआजीचे डोळे भरून आले. देवासाठी घेतलेले जास्वंदीचे फूल तिने पिशवीतून काढून गोबऱ्याच्या डोक्यावर ठेवले. नमस्काराला पाय शोधले, सापडेनात, तेव्हा शेपटीला हात लावून तो कपाळी नेला. “देवाला कापायचं पाप माज्या हातनं नको रे बाबा,” म्हणाली, आणि गवार आणायला गेली. बाकीच्यांनीही हात जोडले आणि तिच्या मागोमाग भाजी बाजाराकडे वळले.

कुलसुमबी बघतच राहिली. “आप्पा, गोष्ट ग्वाड सांगतंव तुमी. पण अर्धा बाजार शाकाहारी केलात. माजं गिऱ्हाईकपण न्हेलात!”

आप्पा पुन्हा पुन्हा मासळीवर पाणी शिंपडत राहिले. इतक्यात पिशवी हलवत श्यामराव आले. “काय आप्पा, टपाल निघेल आता. कागद पाठवू का फाडू?”

आप्पांनी टोपली पाहिली. एक रेणवी हललेली नव्हती. त्यांनी “फाडा,” म्हणायला तोंड उघडले.

“थांबा वो!”

खांबाआडून सगुणाबाई पुढे आल्या. आख्यान त्यांनी तिथूनच ऐकले असावे, कारण डोळे पुसलेले दिसत होते. त्यांनी गोबऱ्यावरचे फूल उचलून कपाळाला लावले, नवऱ्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “सरा.” मग नऊवारी सावरून खाली बसल्या आणि न विचारता कुलसुमबीची कोयती उचलली.

“डोका हवा काय मधला तुकडा, रावसाहेब?”

श्यामराव गडबडले. “वहिनी, तुम्ही? इथं? अं... डोकं द्या. आणि त्या कागदाचं...”

“टपालात घाला.”

कोयती वर गेली. आप्पा पुटपुटले, “अगो, उत्तररंग राह्यलाय त्याचा.”

“तो घरी सांगा. हितं पाणी मारा.”

सगुणाबाईंनी पहिली हाक मारली ती शेजारणीकडे विरजण मागावे तशी. “जरा मोट्यानं, भाभी,” कुलसुमबी म्हणाली, “मासे मेलेत, गिऱ्हाईक नाय.” दुसऱ्या हाकेला दोघी वळल्या, तिसरीला रांग लागली. चिंच घालणारीलाही पालू मिळाला. आप्पांनी तोंड फिरवून पाणी मारले.

रांगेत ओळखीचे कोणी दिसले, की सगुणाबाई मनगटाने पदर कपाळावर ओढून घेत. कचेरीतल्या शिपायाची बायको आली तेव्हा ओढला. शेजारची वासंती आली तेव्हा ओढला. मग दोन्ही हात कोपरापर्यंत खवल्यांनी भरले, पदर घसरून मानेवर आला, आणि तिथेच राहिला.