चार-आठची बदललेली नोकरी

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. मला चार-आठ म्हणतात. कृपा करून अठ्ठेचाळीस म्हणू नका. आमच्या मोजणीत नऊच्या पुढेही सहा अंक असतात आणि ते ए ते एफ या अक्षरांनी लिहितात, त्यामुळे तुमचे पाढे आमच्याकडे चालत नाहीत.

संगणकाच्या प्रोसेसरला शब्द कळत नाहीत. त्याला प्रत्येक आज्ञा आकड्यांतच द्यावी लागते. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांनी प्रत्येक आज्ञेला एक छोटेसे नाव दिले. माझे नाव होते 'डेक'. अर्थ एवढाच, की अमुक कप्प्यात ठेवलेल्या संख्येतून एक वजा कर. इतर कित्येक आज्ञांना दोन-दोन, तीन-तीन आकडे लागत, मी मात्र एकटाच पुरा पडत असे. याचा मला थोडा माजही होता, खोटे कशाला बोलू?

ताइचुंग शहरात यू बाईंचा भरतकामाचा कारखाना आहे. देवीच्या पूजेच्या मेजापुढे लावायच्या लाल पडद्यांवर तिथे सोनेरी ड्रॅगन भरले जातात. तिथल्या यंत्राचा प्रोग्राम त्सेंग मास्तरांनी लिहिला. बाकीचे लोक आज्ञांची नावे लिहीत आणि त्यांचे आकडे करायचे काम संगणकावर सोडत. मास्तरांना आकडेच तोंडपाठ होते. "नावं नवख्यांसाठी असतात," असे म्हणून ते उलाँग चहाचा घोट घेत आणि मला थेट ओळीत बसवत. एक टाका पडला की मी एक वजा करायचो आणि शून्य झाले की सुई पुढे सरकायची. तीस वर्षांत एकही टाका जास्तीचा पडला नाही. एवढी वर्षे विश्वासाने हाताशी धरणारा माणूस मिळायला भाग्य लागते.

मग चौसष्ट बिटांचे प्रोसेसर आले. कप्पे दुप्पट रुंद झाले. रुंद कप्पा वापरायचा आहे हे सांगायला नवे आकडे हवे होते, पण सोयीचे आकडे रिकामे नव्हते. म्हणून चार-शून्यपासून चार-एफपर्यंतच्या आम्हा सोळा भावंडांचे जुने काम काढून घेतले. मी घाबरलो. वाटले, आपण आता भंगारात जाणार. पण ज्यांनी हे ठरवले त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. त्यांनी आम्हाला दुसरी नोकरी दिली. आता मी दुसऱ्या आज्ञेच्या पुढे उभा राहतो आणि सांगतो, की मागून येणाऱ्याला पूर्ण रुंदीचा कप्पा द्या. एकट्याने मी काहीच करत नाही.

त्सेंग मास्तरांना हे कोणी सांगितलेच नाही.

देवी माझूच्या जन्मदिवसाला बारा दिवस उरले असताना कारखान्यात नवा संगणक आला. लियाओ शू-फेन या इंजिनियर बाईने सगळा प्रोग्राम त्यावर आणला. मास्तरांच्या ओळी तिने जशाच्या तशा उचलल्या. यंत्र सुरू झाले. मी जागेवर उभा होतो, पण वजा कोणीच करेना. सुई एकाच ठिकाणी टोचत राहिली आणि ड्रॅगनच्या डोळ्याच्या जागी भोक पडले.

यू बाई तडक आत आल्या. "मास्तर, हे भोक देवीपुढे लावू का? बास झालं आता. उद्यापासून घरी बसा, नातवंडं खेळवा."

मास्तर आपला जेवणाचा डबा पिशवीत भरू लागले. मला बोलता येत असते तर मी ओरडलो असतो, की त्यांचा काही दोष नाही.

इकडे शू-फेनने यंत्रातले आकडे पुन्हा नावांत उलगडून पाहिले. 'डेक' हे नाव कुठेच उमटले नाही. ती खुर्ची ढकलून उठली.

"मास्तर, थांबा! तुमचा चार-आठ हल्ली वजा करत नाही."

"काहीतरीच काय, आ-फेन! तीस वर्षं करतोय तो."

"त्याचं काम बदललंय, आणि मला ते माहीत होतं. पण ओळी तुमच्या, म्हणून मी वाचल्याच नाहीत." मग ती यू बाईंकडे वळली. "बाई, चूक माझी आहे. काढायचं तर मला काढा."

मास्तर पिशवी हातात घेऊनच खुर्चीत बसले. "मग वजा करतं तरी कोण आता?"

"एफएफ आणि सी-आठ, दोघं मिळून. पूर्ण कप्पा हवा असेल तर त्यांच्या पुढे तुमचा चार-आठ उभा करायचा."

मास्तरांना हसू फुटले. "म्हणजे म्हातारा पुढे उभा राहणार आणि काम पोरं करणार!"

"तुमच्यासारखंच की मग," यू बाई फणकारल्या. "ठेवा ती पिशवी खाली. बारा दिवस राहिलेत, आणि दोघंही इथेच बसा."

मास्तरांनी लिहिले : चार-आठ, एफएफ, सी-आठ. एका आकड्याचे तीन झाले, म्हणून पुढच्या टाक्यासाठी ओळीत मागे जायची उडीही दोन घरांनी वाढवली. शू-फेनने प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून तपासला. नव्या लाल कापडावर सुईने डोळा भरला आणि ती मोजून थांबली. पुन्हा वजाबाकीच्या कामाला लागल्याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्याजवळही कोणी जुने जाणते असेल. त्याचे काम नुसते मान देऊन उचलू नका. ते वाचा, त्याच्या शेजारी बसून विचारा, आणि जग बदलले असेल तर त्यालाही सांगा. शू-फेनने मास्तरांना मान दिला होता, भरपूर दिला होता. त्या न वाचता दिलेल्या मानापायीच मास्तर घरी बसले असते.