झिवोताच्या गाडीची बोलकी दारं

शनिवारी दुपारी रादोयकाच्या अंगणात अर्धं गाव लोटलं होतं. मधोमध तिच्या वारलेल्या नवऱ्याची, झिवोताची, गाडी. किल्ली रादोयकाच्या खिशात, गाडीत कुणी नाही, तरी चारी दारांची कुलपं एकदम खटकन उघडायची आणि पुन्हा लागायची. बायका छातीवर क्रूस काढत होत्या. पुरुषही काढत होते, फक्त जरा आडोशाला.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला झिवोताच्या मित्रांनी त्याच्या वाट्याची वाइन थडग्यावर ओतली आणि उरलेली प्रेमाने गाडीतही: चालकाच्या दारावर, जिथे तो हात टेकवायचा तिथे. त्याच संध्याकाळी कुलपं खटखटू लागली. मग विदोये उगवला. हा आमच्याकडचा मेलेल्यांशी बोलणारा माणूस. जिवंतांशी बोलायला मात्र त्याला आधी भरलेला पेला लागतो.

"वहिनी, तो म्हणतोय, मला सोडून जाऊ नकोस," विदोयेने डोळे मिटून सांगितलं. "दर शनिवारी याच जागी वाइन पाज. नाहीच निवला, तर गाडी माझ्याकडे दे. मी सांभाळीन त्याला."

केवढी ही माया! तिकडे नीश शहरात रादोयकाची मुलगी बाळंतपणाला टेकलेली, आई कधी येते म्हणून रोज फोन करत होती. आई इकडे दाराला वाइन पाजत बसलेली. माझा नुसता संताप व्हायचा, पण माझं ऐकतंय कोण?

त्या शनिवारी रादोयकाची भाची स्लावेंका आली. ती तंत्रशाळेत गाड्यांची वीज शिकवते. तिने दाराचं आतलं आवरण काढलं आणि नाक मुरडलं.

"मावशी, प्रत्येक दारात एक इलेक्ट्रॉनिक पेटी असते. सगळ्या पेट्या एकाच तारांच्या जोडीवरून एकमेकींशी बोलतात. या दाराने 'उघडा' म्हटलं की बाकीची ऐकतात. इथलं कुलपाचं बटण वाइनने चिकट ओलं झालंय. पेटीला वाटतं, कुणी बटण दाबलं. ती आपला निरोप पाठवते."

तिने त्या दाराची तार सोडवली. कुलपं गप्प झाली. मग तिने विदोयेला झिवोताकाकांना हाक मारायला सांगितलं. त्याने हातवारे केले, घाम गाळला आणि शेवटी म्हणाला, झिवोताला चारचौघांत संकोच वाटतो.

"मग तुमच्या गाडीत बोलावू," म्हणत स्लावेंका वाइनचा जग घेऊन त्याच्या गाडीकडे निघाली. दार उघडून तिने बटणांवर जग कलता केला, तसा विदोयेने धावत येऊन तिचा हात धरला.

"वेडी झालीस का? आतली बटणं जातील!"

रादोयका पुढे सरसावली.

"आणि माझ्या गाडीतली जात नव्हती का रे?" रादोयकाने विचारलं.

विदोये फाटकाबाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे बघायलाही कुणी थांबलं नाही. रादोयका त्याच दुपारी झिवोताच्या गाडीने नीशला गेली, बटणं नवी बसेपर्यंत किल्लीने दार लावत.

मेलेल्याच्या नावाने जिवंताची वाट अडवणारा कुणी भेटला, तर डोकं गहाण टाकू नका. तो तुम्हाला सांगतोय ते आधी स्वतःच्या घरी करेल का, एवढंच त्याला विचारा.