गोगलगायीचा पहिला नंबर

देशातल्या सगळ्या विद्यापीठांचं संशोधन एकाच संकेतस्थळावर आणायचं, हे आमचं काम. कुणी काय शोधलं, पुढे ते कुणाच्या उपयोगी पडलं, सगळं खुलं. चाचणीसाठी मी घरी लॅपटॉप उघडला आणि सासरे मागे येऊन उभे राहिले. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक ते. "माझं नाव टाक बघू," म्हणाले.

टाकलं, तर काय! गोगलगायींवरच्या संशोधनात सगळ्यात जास्त उल्लेख बाबांच्या जुन्या शोधनिबंधाचे. गोगलगायीला घरची वाट पाठ असते, हा त्यांचा शोध. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला बातमी कळली. त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रमंडळानं संकेतस्थळाच्या उद्घाटनाला यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात संकेतस्थळावरचा नवा रकाना सुरू झाला. उल्लेख कशासाठी केलाय, हे त्यात दिसायचं. मी हौसेनं बाबांचं पान उघडलं. जवळजवळ सगळे उल्लेख त्यांचं म्हणणं खोडून काढणारे! प्रयोग करताना बाबा दोन फेऱ्यांच्या मधे फरशी पुसायला विसरले होते. गोगलगाय आपलाच चिकट माग धरून परत येत होती. तिला पाठबीठ काही नव्हतं.

"मॅडम, उद्घाटनापुरता हा रकाना झाकू या का?" मी आमच्या प्रमुखांना विचारलं.

"कुणासाठी?"

"सासऱ्यांसाठी."

त्या हसल्या. "आज तुझे सासरे, उद्या माझा नवरा, परवा मंत्र्यांचे मेहुणे. मग खुलं काय राहणार? ऑफिसचं दार?"

चारचौघांत कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं, म्हणून संध्याकाळी चहाबरोबर मीच त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला. ते एकेक नोंद वाचत गेले. चहा निवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी फरशी पुसली नव्हती?" ते शेवटी पुटपुटले.

"घरची तरी कधी पुसलीत?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

बाबा खो खो हसत सुटले. मग चष्मा काढून डोळे टिपत म्हणाले, "अगं, इतक्या जणांनी वाचलं! मला वाटत होतं, कपाटात धूळ खात पडलंय."

उद्घाटनाच्या दिवशी मित्रांसमोर त्यांनी स्वतःच तो रकाना उघडला आणि चूक रंगवून रंगवून सांगितली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

त्यानंतर बाबांनी प्रयोग पुन्हा मांडला आणि आमची बाल्कनी गोगलगायींची झाली. काही महिन्यांनी बाबांच्या पानावर एक उल्लेख वाढला, तोही खोडून काढणाराच. लेखक खुद्द बाबा! शेवटी आभाराची एकच ओळ होती: 'फरशी कशी पुसावी हे शिकवल्याबद्दल पत्नीचे आभार.'

सासूबाईंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग उठल्या आणि फडकं ओलं करून बाबांच्या हातात दिलं.

"आता स्वयंपाकघर," त्या म्हणाल्या.