चिंचोक्यांची हजेरी

"बाळ, बाप कुठाय रं तुझा?"

एकोणपन्नास वर्षं झाली, तरी तो आवाज कुंडलिक गुरुजींच्या कानातून गेलेला नाही. दरडावणीचा असता तर केव्हाच विरला असता. पण तो मऊ होता. पाठीवरून हात फिरवणारा, लिमलेटची गोळी पुढं करणारा.

बारामतीच्या बाजूला, कालव्याच्या कडेनं, तारेच्या कुंपणातली ती वस्ती. लोक तिला सेटलमेंट म्हणत. गोऱ्या साहेबाच्या कायद्यानं काही जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या आणि टोपल्या विणणारे कैकाडी त्यांतलेच. दिवसातून तीनदा हजेरी. नाव पुकारलं की 'हाजीर' म्हणायचं. पासाशिवाय कुंपणाबाहेर सापडला तो तुरुंगात.

त्या संध्याकाळी 'शिद्राम' हे बापाचं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि उत्तर आलं नाही. धाकटी तापानं फणफणली होती, आई तिला मांडीवर घेऊन झोपडीत बसली होती. रांगेत उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या कुंडलिकासमोर जमादार उकिडवा बसला. गोळी दिली. विचारलं. आणि कुंडलिकानं खरं होतं ते सांगितलं, "दवा आणाय गेलाय. माळाच्या वाटंनं."

मागं शेजारची सरुबाई उभी होती. तिनं ते ऐकलं.

शिद्राम माळाच्या वाटेवरच सापडला, कनवटीला औषधाची पुडी. धाकटी चौथ्या दिवशी गेली. पुढं सहा महिन्यांनी तुरुंगातून एक गाठोडं आलं. त्यात शिद्रामचं धोतर होतं आणि मुंडासं होतं.

म्हणून गुरुजींनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही नावं पुकारून हजेरी घेतली नाही. वर्गाच्या दाराशी आईनं विणलेली एक परडी असायची. तिच्यात चिंचोके, आणि प्रत्येक चिंचोक्यावर चुन्यानं काढलेली खूण. कुणाची चांदणी, कुणाचा मासा, कुणाच्या नुसत्या दोन रेघा. पोरानं आत येताना आपला चिंचोका उचलायचा आणि टेबलावरच्या खोक्यात टाकायचा. परडीत उरेल तो गैरहजर. गुरुजी मुकाट्यानं रजिस्टर भरत. तपासणीला आलेले साहेब हसायचे, "गुरुजी, शाळा चालवताय का चिंचेचं दुकान?" गुरुजीही हसायचे. पण चार दिवस बुडवून आलेल्या पोराला 'कुठं होतास' हे त्यांनी कधी विचारलं नाही.

बावड्याच्या शाळेत त्यांचे आता दोन महिने उरले होते. आप्पासाहेबांच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मोहनराव हवालदार वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"राम राम गुरुजी. पालावरचं पोर कंचं ह्यातलं?"

"इथं सगळी चौथीची आहेत."

"तसं न्हवं. वढ्याकाठी कैकाड्यांची पालं पडल्यात न्हवं का? त्यातला एक गडी फाटंपासनं गायब हाय. त्याची पोरगी हितं येती म्हनं. जरा हजेरी पुकारा की, आपसूक उभी ऱ्हाईल."

"मी पुकारत नाही."

"आमची चिंचोक्यावर आसती हजेरी, सायेब!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग खिदळला.

हवालदारांनी परडीत डोकावलं. "आयला! बरं हाय, तुमाला घसा कोरडा कराय नगं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गुरुजी, ह्या लोकांचं आमच्या पोलिसी पुस्तकातच लिवल्यालं हाय वो. इंग्रजानं काय उगंच लिवलं आसंल? तुमच्यासारक्या सरळ मानसाला न्हाय कळायचं."

"मला कळतं," गुरुजी म्हणाले.

तिसऱ्या रांगेत पालावरच्या पायलनं मान खाली घातली होती. तिच्या पायांत चपला नव्हत्या. हवालदारांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती नेमकी तिथं येऊन थांबली. ते तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. खिशातून चॉकलेट काढलं. त्यांच्या घरीही तेवढीच पोर असावी, कारण आवाज खरोखरच मऊ झाला.

"बाळ, बाप कुठाय गं तुझा?"

पायलनं चॉकलेटकडे पाहिलं. तिचे ओठ विलग झाले.

गुरुजी खुर्चीतून कधी उठले, दोघांच्या मधे कधी जाऊन उभे राहिले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मोहनराव, उठा."

"आवं, लेकराला नुसतं इचारतूय..."

"या वर्गात प्रश्न मी विचारतो."

"मग तुमी इचारा."

"मीही विचारणार नाही. बाहेर चला."

हवालदार गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले. आता आवाजात मऊपणा नव्हता. "सरकारी कामात आडवं येताय गुरुजी. दोन म्हयनं ऱ्हायल्यात पेन्शनीला. वर लिवावं लागंल मला."

"लिवा," गुरुजी म्हणाले. वर्गात त्यांच्या तोंडून असली बोली पोरांनी कधी ऐकली नव्हती. "कुंडलिक शिद्राम जाधव. जात कैकाडी. माझं बी नाव आसंल तुमच्या त्या पुस्तकात."

हवालदार टोपी नीट करून निघून गेले. त्यांच्या बुटाचा धक्का लागून परडी कलंडली होती. पोरं न सांगता उठली आणि चिंचोके वेचू लागली.

पायल गुरुजींच्या धोतराला चिकटून उभी राहिली आणि कुजबुजली, "गुरुजी, माझा बा ना..."

गुरुजींनी तिच्या ओठांवर हात ठेवला.

"नको बाळ. मलासुद्धा सांगू नकोस."

शाळा सुटल्यावर ते घरी आले, तेव्हा जयवंताबाई अंगणात बसून टोपली विणत होत्या. डोळे अधू झालेले, पण बोटांना अजून दिसायचं. निरगुडीची फोक वाकवता वाकवता त्यांचं चाललं होतं,

"तारेच्या कुंपणात, चिमणी येती-जाती
तिला गं न्हाई पास, न्हाई हजेरीची भीती..."

"आई."

"आलास व्हय? आज पाय वढत आलास. काय झालं?"

गुरुजी तिच्यासमोर मातीतच बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आप्पासाहेबांची मोटर, हवालदार, चॉकलेट.

जयवंताबाईंचे हात थांबले. "पोरगी बोलली?"

"न्हाय."

"गुनाची हाय." बोटं पुन्हा चालू लागली. "आपल्या सरूवानी न्हाय. वाटंची खबर दोगींनाच ठावं, मला आन् तिला. तिच्याबिगर कोन सांगनार? मराय टेकल्याली, तवा तीनदा निरोप धाडला मला. जयवंताच्या हातचं पानी पाजा म्हनली. तांब्या भरून घेतला म्या, कुंडल्या. उंबऱ्यापतुर गेले. आन् तितंच वतून दिला."

हे त्यांनी आजवर कितीदा तरी सांगितलं होतं. आणि दरवेळी गोष्ट उंबऱ्यापाशी आली की गुरुजी उठायचे. गाईला वैरण टाकायला, कंदिलाची काच पुसायला, कशालाही.

आज ते उठले नाहीत. त्यांनी आईच्या हातातली फोक काढून बाजूला ठेवली आणि ती चिरा पडलेली बोटं दोन्ही हातांत धरली.

"काय रं?" जयवंताबाई म्हणाल्या. "फोक दे की हिकडं."

"आई, सरुमावशी बोलली न्हाय. तिनं आयकलं हुतं, तरी जलमभर बोलली न्हाय. बा कुठं गेलाय, ते म्या सांगितलं."