सारजेला जेवताना कुणी पाहिलंय?

आषाढ लागला की वडगाव निंबाळकरच्या शिवारात ऊसलागणीची एकच घाई उडते. शहाण्णव सालच्या त्या सकाळी कुशाबाईच्या घरातही तीच धांदल. थोरला लेक रामहरी आणि धाकटा सर्जेराव भाकरी खाऊन रानात गेले. मग कुशाबाई जेवली. रामहरीची बायको सारजा "मी खाते मागनं" म्हणत भांडी घेऊन मोरीकडं वळली. रोजचंच होतं ते.

पाच वर्षांपूर्वी मालक गेले आणि सातबाऱ्यावर कुशाबाईचं नाव पोरांच्या जोडीनं लागलं. तेव्हापासून सोसायटीचं कर्ज उचलायचं तर तिचा अंगठा लागे. कशाला, किती, हे तिनं कधी विचारलं नाही. बाईमाणसानं असलं विचारू नये, हे कुणी न शिकवताच ती शिकली होती!

आता गंमत बघा. उसाला एकरी भरघोस कर्ज, वसुलीही कारखान्यातून परस्पर. ज्वारीला मात्र इतकं चिमूटभर, की कागद करायलाही कुणी जात नसे. मग काय, दरसाल ज्वारीचं रान आक्रसत गेलं. तीन एकरांत विहिरीकडचा अर्धा एकर तेवढा उरला होता आणि यंदा त्यातही ऊस घालायचं पोरांनी ठरवलं होतं. ऊस तुटणार अठरा महिन्यांनी. तोवर पोट थांबतं का हो? कणगी रिकामी, आणि बाजारातून पायलीपायलीनं ज्वारी यायची.

दुपारी सारजा हापशावर गेली आणि भरली कळशी घेऊन मटकन खाली बसली. सातवा महिना होता तिला. आदलं लेकरू नऊ दिवसांचं होऊन गेलेलं. कुशाबाई घरातनं धावली. तिनं सुनेला धरून आरोग्य उपकेंद्रात नेलं.

नर्सबाईनं सारजेची पापणी खाली ओढून पाहिली. "रक्त फारच कमी आहे. काय खाते ही?"

"आमी खातो त्येच की. आमच्यात दुजाभाव न्हाय, बाई."

"किती भाकरी खाते?"

कुशाबाई बोटांवर मोजायला लागली.

"मावशी, तुम्ही हिला जेवताना कधी पाहिलंय?"

कुशाबाईनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं पायाच्या अंगठ्याकडं.

"असंच चाललं तर हेही मूल हाती लागायचं नाही. कदाचित आईसुद्धा."

घरी आल्यावर कुशाबाईला एका जागी बसवेना. अंगणात जा, आत ये, पुन्हा बाहेर. शेवटी तिनं भाकरीची दुरडी उघडली. आत चतकोर भाकरी होती.

"सारजे, खरं सांग मला."

"पीठ मापानंच असतंय, आत्याबाई. सात भाकरी व्हत्यात. ह्येनी आन भाऊजी रानात राबत्यात, त्यांना कमी कसं वाढू? कधी अर्धी उरती, कधी न्हाय उरत."

"आन मी दोन-दोन खाती! तोंड शिवलं व्हतं का गं तुजं?"

"तुमाला कसं म्हणू, खाऊ नका?"

कुशाबाई उंबऱ्यावर बसली. तीही कधी काळी मागूनच जेवत होती. तिचीही दोन लेकरं गेली होती. तेव्हा सासूनं नशिबाला बोल लावला, आणि पुढं सारजेचं लेकरू गेलं तेव्हा कुशाबाईनंही तेच केलं. पाप लागलं असेल तर ते कुणाला?

संध्याकाळी रामहरी कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला. "आई, अंगठा दे. सकाळी सोसायटीत द्यायचाय."

"कशाचा?"

पॅड उघडता उघडता रामहरीनं वर पाहिलं. "विहिरीकडच्या रानाचा. उसाचं वाढीव कर्ज."

"तितं जवारी पेरायची. अर्धा एकर जवारी लिव, बाकीचा ऊस. मग अंगठा."

"जवारीला कितीसं मिळतंय? लोकं हसतील की!"

"हसू द्या. लोकांची सून न्हाय मरायची."

सर्जेराव उसळला. "आता बाईच्या अंगठ्यावर कारभार चालायचा व्हय ह्या घरात?"

"पाच वरसं चाललाय, बाबा. तुला आज दिसला."

आणि मग तिनं नर्सबाईचा शब्द न् शब्द पोरांना ऐकवला. रामहरीनं कागदाची घडी करून खिशात घातली. तो बदलून आणल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्याला कळून चुकलं.

दोघं हातपाय धुऊन आत आले, तर पाट एकच मांडलेला, आणि कुशाबाई सुनेला दंडाला धरून त्यावर बसवत होती. ताटात दोन भाकरी, पिठलं आणि कांदा.

"आन आमी?" रामहरी म्हणाला.

"ओट्यावर बसा. हिचं झाल्यावर हाक मारीन."

पोरं बाहेर गेली. सारजेचा हात मात्र ताटाकडं जाईना.

"आत्याबाई, कुणी बघत आसलं की घास उतरत न्हाय."

सहा वर्षं ही पोर आपल्या घरात चोरासारखी जेवली! कुशाबाई भिंतीकडं तोंड करून बसली. "न्हाय बघत. खा."

मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. कुशाबाई हलली नाही.

"दुसरी बी संपव," ती भिंतीलाच म्हणाली.

बाहेर ओट्यावर दोन तरणेताठे गडी भुकेल्या पोटी खोळंबले होते. उरेल की नाही, या धास्तीनं घरात कान लावून बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. तेव्हा त्यांना काय वाटलं, ते मला विचारू नका. तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, ते माहीत आहे ना? आज ते माणूस जेवायला बसेल तेव्हा एकदा दुरडीत डोकावून बघा.