कबरीकाठची न्याहारी

"रविवारी तरी फावडं खाली ठेव रे!" आग्नेटा कबरस्तानाच्या कुंपणापलीकडून नवऱ्यावर ओरडली.

"सारा म्हातारी शनिवारी गेली त्याला मी काय करू?" माटेस खड्ड्यातूनच बोलला. "पाळक उद्या जर्मनीला चालला. आज दुपारी पुरलं नाही तर प्रार्थना काय मी म्हणू?"

त्याचं खोटं नव्हतं. रुमानियातल्या ट्रान्सिल्वेनियात, जर्मन वंशाच्या सॅक्सन लोकांच्या त्या गावात कुणी गेलं की शेजारमंडळाची निरोपाची लाकडी फळी घरोघर फिरे आणि दर घरातून एक माणूस कबर खणायला येई. पूर्वी चाळीस घरं फिरून फळी परतायला संध्याकाळ व्हायची. दारोदारी रडणं, गप्पा, एखादा पेला दारू. किती भरलेले दिवस होते ते! गेल्या दीड वर्षात जवळजवळ सगळा गाव जर्मनीला गेला. काल फळी चार घरं फिरून आली तेव्हा आग्नेटाच्या चुलीवरचं दूध अजून तापायचं होतं. त्या चार घरांत फावडं पेलणारा एकटा माटेस, तोही सत्तरीचा.

आज गावातली शेवटची उपासना होती, शेवटचं प्रभुभोजन, ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर घ्यायचा विधी.

"एकदाच चर्चमध्ये ये," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी विहिरीत उडी मारीन, आग्ने. पण देवासमोर खोटं नाही बोलणार."

रशियनांनी सक्तमजुरीला नेलेला तो एकोणपन्नास साली दोनबासच्या कोळसाखाणीतून सुटून आला. त्याच्यासोबत धरून नेलेला धाकटा भाऊ तिथेच बर्फात राहिला. जमीन गोठलेली, साधी कबरही मिळाली नाही. तेव्हापासून माटेस चर्चची पायरी चढला नव्हता, आणि गावातली एकही कबर त्याच्यावाचून खणली गेली नव्हती.

आग्नेटाला बेचाळीस वर्षं एकच भीती पोखरत होती. मेल्यावर तारण होतं ते विश्वासानं, कर्मांनी नव्हे, हे तिनं लहानपणीच पाठ केलं होतं. म्हणजे वर गेल्यावर ती एकीकडे आणि हा बाबा भलतीकडेच. चर्चच्या दारात तिनं पाळकाला गाठलंच.

"पाळकसाहेब, इतक्या जणांना त्यानं माती दिली. त्याचं काहीच नाही का?"

"कर्मांनी देव मिळवता येत नाही, हेच आपण शिकवत आलो, आग्नेटाबाई." पाळक ओशाळला. "माझ्या वडिलांची कबर त्यानंच खणली. भर जानेवारीत."

आत नऊ बायका होत्या. पाळकानं हातावर ठेवलेली पातळ भाकर तिनं अर्धी खाल्ली आणि अर्धी रुमालात लपवली. बाहेरून फावड्याचा आवाज येत होता. पूर्वी इथे चारशे माणसं गायची, तेव्हा तो कधी आत पोचला नव्हता.

उपासना संपल्यावर ती न्याहारी घेऊन गेली. पाव, खारवलेली चरबी, कांदा, आणि चरबीखाली तो अर्धा तुकडा. अशी चोरी तिनं जन्मात केली नव्हती.

कांदा किती घातलाय ते पाव उघडून बघायची माटेसची जुनी खोड. तो थबकला.

"आग्ने, हे काय?"

"मला तिथे वर एकटीला नाही राहायचं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

माटेसनं फावडं मातीत रोवलं. हात पँटला पुसले. मग इतक्या वर्षांत कुठल्याच प्रार्थनेला न उतरलेली टोपी त्यानं काढली आणि तुकडा जिभेवर ठेवला.

विश्वासानं की तिच्यासाठी, हे तिनं विचारलं नाही.

"कांदा कमी आहे," पाव चावत तो म्हणाला. टोपी अजून त्याच्या हातातच होती.