काळ्या फटीतली मी

मित्रांनो, मी एक जुनी कूर्चा आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. घोट्यातली हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यावर गुळगुळीत अस्तर असतं, ते मी. माझी मालकीण उंच उडी मारायची. लहानपणापासून ताडमाड, म्हणून घरात सगळे तिला 'शिडी' म्हणत. ती डाव्या पायावर उडायची आणि मी त्याच घोट्यात होते. प्रत्येक उडीचा भार माझ्यावर यायचा, टाळ्या मात्र पायाला मिळायच्या. असो.

एकदा सरावात तिचा पाय गादीच्या कडेवर पडून मुरगळला. सूज उतरली, पण मला तडा गेला होता. मला ना रक्त, ना नसा. त्यामुळे मी धड भरून येत नाही आणि मला ओरडताही येत नाही. दुखतं ते माझ्याखालच्या हाडाला. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं म्हणतात. आमचं आलं ते मुक्कामालाच राहिलं.

बाबांनी तिला दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढला. हाडं ठणठणीत! बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी तो फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर चिकटवला. येईल त्याला ते उजेडात दाखवायचे, "बघा, केसाएवढी चीर नाही!" फोटोत पांढऱ्या हाडांच्या मध्ये एक काळी फट होती. मित्रांनो, मी त्या फटीत होते. एक्स-रेमध्ये मी दिसतच नाही.

"बाबा, आत टोचतंय हो," शिडी म्हणायची.

बाबा खिडकीकडे बोट दाखवायचे. "अगं, फोटोत काही नाहीये. निवड चाचणी जवळ आली ना, म्हणून मन घाबरतंय तुझं."

ते वाईट नव्हते. तिचा घोटा ते स्वतः शेकून द्यायचे. पण हळूहळू तिलाही वाटू लागलं, आपणच नाटकं करतोय की काय. तिने सांगणं सोडलं आणि पट्टी आणखी घट्ट बांधली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दोघींनाही.

चाचणीच्या दिवशी तिने जोरात पाय रोवला आणि मी निखळले, खालच्या हाडाची कपची घेऊनच. सांधा अडकला. ती दांडीपर्यंत पोचलीच नाही.

डॉक्टरांनी ऑपरेशन करून मला बाहेर काढलं. "नीट चालशील," ते तिला म्हणाले, "पण उंच उडी आता नाही."

बाबांनी मला बाटलीत घालून घरी आणलं. खिडकीपाशी उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"एवढीशी?"

"हो. सांगत होते ना मी," कुबड्या सावरत शिडी म्हणाली. "तो फोटो काढा आता बाबा."

त्यांनी काढला. चिकटपट्टीचे डाग मात्र काचेवर राहिले.

मित्रांनो, मला आवाज नाही. माझ्या वतीने बोलणारं एकच तोंड होतं, ते गप्प झालं. म्हणून कळकळीने सांगते, कुणी 'दुखतंय' म्हणालं, तर आधी त्याच्याकडे बघा. खिडकीकडे नंतर.